लाल ठोकळा

ऐकण्याच्या चाचणीच्या खोलीत आईच्या मांडीवर बसलेल्या लेकीच्या हातात लाल ठोकळा होता. आवाज आला की तो डब्यात टाकायचा, एवढंच. स्पीकर वाजला, पण लेक ढिम्म. आईने हळूच तिच्या गुडघ्याला बोट लावलं, तसा ठोकळा डब्यात पडला. मग दर आवाजाला तेच. लेक नापास झाली तर कानाचं ऑपरेशन नाकारतील, या धास्तीने आईचं बोट घामेजलं होतं.

काचेपलीकडून चाचणी घेणाऱ्या मॅडम हसतच बाहेर आल्या. "कानातल्या मशीननं छान ऐकतेय की! हिला इम्प्लांटचं ऑपरेशन कशाला?"

आई घाईने म्हणाली, "नाही हो मॅडम, तिला नाही ऐकू येत. मीच खुणावत होते."

चाचणी पुन्हा सुरू झाली. आईने हात पाठीमागे घट्ट धरले. स्पीकर दणाणला. लेक ठोकळा धरून वाट बघत राहिली. मग वळली, आईचा हात ओढला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.