सदतिसावी उघडझाप

सदतिसाव्यांदा झाकण उघडलं आणि लॅपटॉपची स्क्रीन काळीठिक्कर राहिली. रादमिलाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही हे तिला कळत होतं, पण शोभण्याची पर्वा होती कुणाला!

"क्रिश्तोफ, तुमचा पॅच पडला," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

चेक देशातल्या बर्नो शहरातल्या त्या ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. तिथली रीत अशी की वयानं मोठ्या असलेल्यानं आधी 'तू' म्हणावं, मग धाकट्यानं. क्रिश्तोफला मात्र रादमिलानं चौदा महिने अहो-जाहोवरच टांगून ठेवलं होतं.

क्रिश्तोफच्या तोंडात रोहलिक पावाचा घास तसाच राहिला. "पडला? कशावर?"

"या जुन्या लॅपटॉपवर. झाकण लावलं की झोपतो, उघडलं की उठतो. छत्तीस वेळा शहाण्यासारखा उठला. सदतिसाव्याला डोळाच उघडेना."

"पण असं व्हायला नको, बाई."

"झालंय ते सांगतेय. कसं झालं ते तुम्ही शोधा. हुशार तुम्ही."

गटप्रमुख दालिबोर कॉफीचा कप घेऊन आला, काळी स्क्रीन बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "वाईट झालं. रादमिला, बाराच्या आत अहवाल पाठव. त्याचा मागे घेऊ, मग तुझाच उरला."

तुझाच उरला. हे दोन शब्द ऐकायला रादमिलानं अकरा वर्षं काढली होती. स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या प्रोग्राममध्ये जगभरातले लोक दुरुस्त्या करत, म्हणजे पॅच पाठवत, आणि ही बसून त्या तपासत असे. शेकडो पॅचखाली 'तपासलं : रादमिला' अशी ओळ होती. 'लिहिलं : रादमिला' अशी एकही नव्हती. झोपेतून उठल्यावर स्क्रीन काळी पडते, ही तक्रार आली तेव्हा तिनं जिवाचं रान करून साठ ओळींचा पॅच लिहिला. क्रिश्तोफनं आठवड्याभरात अकरा ओळींत तेच काम केलं. दालिबोर म्हणाला, याचा आटोपशीर आहे, तू तपास, तू ठीक म्हणालीस की मी डोळे मिटून घेतो. तेव्हापासून तर तिला क्रिश्तोफचं सगळंच खुपत होतं. त्याचं लिहिणं, त्याचं हसणं, दालिबोरचं त्याच्या पाठीवर थाप मारणं, सगळंच.

तिनं अहवाल लिहायला घेतला. वर पहिली ओळ कायम एकच असे. लॅपटॉपवर प्रोग्रामची कोणती आवृत्ती, म्हणजे कुणाचा पॅच घातलेली, चालू आहे, ते नाव त्या लॅपटॉपलाच विचारायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं, मनानं लिहायचं नाही. हा नियम तिनंच घातला होता.

तिनं विचारलं. लॅपटॉपनं नाव दाखवलं, तिनं ते उतरवलं. नावाच्या शेवटी क्रिश्तोफची खूण नव्हती, तिची होती.

काल संध्याकाळी स्वतःचा पॅच घालून तिनं लॅपटॉप तसाच ठेवला होता. सकाळी चालू करताना आवृत्ती बदलायची राहून गेली. सकाळपासून ती स्वतःचाच पॅच तपासत होती. पडला होता तो तिचाच.

दहा चाळीस झाले होते. समोर क्रिश्तोफ डोकं धरून त्याच्या अकरा ओळी पुन्हा पुन्हा वाचत होता, नसलेली चूक शोधत होता. शोधू दे, रादमिलाला वाटलं. एकदा तरी याचं डोकं चालेनासं होऊ दे. पहिली ओळ कोण पडताळून बघणार आहे? एक नाव पुसून दुसरं टाकायचं, एवढंच. तिनं ते पुसलंही.

मग तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि या वेळी क्रिश्तोफची आवृत्ती निवडली. चांगुलपणा म्हणून नव्हे. हासुद्धा पडेल, अशी तिला अजून आशा होती. झाकण लावलं, उघडलं. लावलं, उघडलं. सदतीस झाले. साठ झाले. दर वेळी स्क्रीन लख्ख उजळे आणि दर वेळी तिच्या अंगाचा तिळपापड होई.

"आता परत कशाला, बाई? पडलाय ना?" क्रिश्तोफ जवळ येऊन उभा राहिला.

"मोजतेय. मध्ये बोलू नका."

शंभर झाले. मनगट दुखायला लागलं. एकशे एक्केचाळीसला बाराला दहा कमी होते, आणि तिनं हात खाली घेतला.

अहवाल तिनं पाच मिनिटांत लिहिला. क्रिश्तोफचा पॅच एकशे एक्केचाळीस वेळा तपासला, एकदाही पडला नाही. सकाळी पडला तो माझा, आवृत्ती बदलायची मी विसरले. माझा मागे घेते. खाली तीच ती ओळ, 'तपासलं : रादमिला'. अहवाल पाठवून टाकला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

दालिबोरनं त्याच्या जागेवरूनच वाचलं. "एकशे एक्केचाळीस!" तो ओरडला. "अगं, कुणी वैरीसुद्धा एवढा मागे लागणार नाही!"

सगळे हसले. क्रिश्तोफ हसला नाही. तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला, अहवाल पुन्हा वाचला, आणि अगदी साध्या मनानं त्यानं विचारलं, "बाई, तुमचा पॅच पाठवण्याआधी तुम्ही तो किती वेळा तपासला होता?"

रादमिलानं लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं.

"पाच," ती म्हणाली.