दोघींचं वजन

वजनकाट्याची सुई अठरा किलोंपाशी आली, पण स्थिर होईना. काट्यावर उभी असलेली विनीता हसत होती, म्हणून सुईही हलत होती. सुनेत्रा पेन्सिल धरून थांबली. उत्तरेकडच्या आलमबागच्या त्या प्राथमिक शाळेत आज सगळीच मुलं हसत होती, आणि का ते कोणी सांगत नव्हतं.

एकोणऐंशीच्या जुलैत सुनेत्राने तिसरीच्या ऐंशी मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला रोज सोयाबीन, हरभरा आणि शेंगदाण्याच्या पिठाचा एक लाडू. दुसऱ्या गटाला काही नाही. सरकारी पीठ जिल्ह्यातल्या निम्म्याच मुलांना पुरणारं होतं. निम्मी म्हणजे कोणती, हे तिच्या संस्थेचे प्रमुख डॉ. बाळकृष्ण आपटे यांनी ठरवायचं होतं. दोन वर्षं ते "आकडे येऊ देत" एवढंच म्हणत होते. या महिन्यात ठरलं नाही, तर पीठ दुसऱ्या जिल्ह्याला जाणार होतं.

विनीता शेवटची. आज मुद्दाम आलेल्या डॉक्टरांनी बाकावर बसून स्वतः सरासरी काढली. तीन महिन्यांत पहिला गट नऊशे ग्रॅमने वाढला होता. दुसरा आठशे ऐंशीने.

सुनेत्राचे कान तापले. फरकच नव्हता. म्हणजे लाडवाने काहीच केलं नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या गटातली नूरबानो पहिल्या गटातल्या विनीताला ओढत पुन्हा काट्यावर चढली. सुनेत्राने तिला उतरायला सांगितलं.

"दीदी, लड्डू साथ खाते हैं," नूरबानो म्हणाली, "तो वज़न भी साथ ही होगा न?"

वर्ग हसून लोळला. ज्याने त्याने आपापला जोडीदार पकडला. चाळीस जोड्या काट्याकडे धावल्या.

लाडू वळणारी लीलावती ओशाळून सगळं सांगू लागली. समोर कोणी बसलं असताना एकट्याने खायचं नाही, असं इथे घरोघरी शिकवतात. मुलं पहिल्या दिवसापासून लाडू मोडून अर्धा समोर देत होती. दोन्ही गटांना एकाच व्हरांड्यात समोरासमोर बसवलं होतं ते पुण्याच्या सुनेत्रानेच, नजर ठेवायला सोपं जावं म्हणून.

प्रयोग फसला, असं ती हळूच म्हणाली. डॉक्टरांनी मागच्या वर्षीची वही मागितली. तीच शाळा, तिसरीचाच वर्ग, तेच तीन महिने. लाडवाविना वाढ तीनशे ग्रॅम.

दोघांनी तो आकडा एकदमच पाहिला. सुनेत्राला हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना. काट्यावर आता तिघं चढली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग मुलांच्या गलक्यावर आवाज चढवून ते म्हणाले, "सोमवारपासून जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांना द्यायचा. अर्धा अर्धा."