इंजिनाखालचं तेल

मुर्रीच्या धानगिरणीतलं इंजिन सकाळपासून बंद होतं, तरी खाली तेल ठिबकत होतं. शालीकराम मिस्त्रीनं सगळे सांधे चिंधीनं पुसले आणि वर कोरडी राख भुरभुरली. राख भिजेल तिथं गळती, हा त्याचा नेहमीचा उपाय. पण राख कुठंच भिजली नाही.

“मिस्त्री, बाहेर धानाच्या बैलबंड्या उभ्या आहेत,” गिरणीवाला दुलीचंद दारातून म्हणाला. “काऊन उशीर करून राहिला?” महायुद्धाच्या त्या दिवसांत दुसरं इंजिन मिळणंही अशक्य होतं.

“इंजिनातलं सारं तेल उपसलं जी. गळायले आत काहीच नाही.”

दुलीचंद हसायला गेला. तेवढ्यात इंजिनाखाली टपकन आवाज आला.

शालीकराम इंजिनाखाली सरकला. डोळ्यांसमोरचं लोखंड कोरडं ठणठणीत होतं. तेलाचे थेंब मात्र त्याच्या छातीशेजारी, जमिनीवर पडत होते. त्यानं बोट लावलं. तेल ऊन होतं.

त्याची छाती धडधडू लागली. थेंबही भरभर पडू लागले.

घाबरून त्यानं छाती दाबून धरली, श्वास रोखला. ठोके हळूहळू मंदावले. थेंबही मंदावले.

दुलीचंदला त्याचे फक्त पाय दिसत होते. टपटप कमी झालेली ऐकून तो आनंदानं ओरडला, “सापडलं वाटते, मिस्त्री! असंच दाबून धर. पुरतं बंद होऊ दे!”