गुंतवळ

"आक्का, रोज एवढं लांब केस कोण इंचरणार?" म्हणत सौम्यानं जयाआक्कांची वेणी कात्रीनं मुळापासून कापली. हिंडलग्याजवळच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या अंघोळी, वेण्या तिच्या एकटीवर होत्या. आक्का रडल्या नाहीत. कंगवा पदराखाली धरून नुसत्या बसल्या. दुसऱ्या सकाळी कंगव्यात लांब, पांढरं गुंतवळ होतं. सौम्यानं ते बोटाला गुंडाळून, रीतीप्रमाणे त्यावर थुंकून खिडकीबाहेर टाकलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेवढंच. "डोईवर केस न्हाईत, मग हे कुठनं येतंय, आक्का?" आक्का हसल्या. "अंजना इंचरती की गं. लई हलका हात हाय तिचा." आधी इथं काम करणारी अंजना दिवाळीतच वारली होती. "कुठं हाय ती?" सौम्याच्या पाठीमागं बघत आक्का म्हणाल्या, "हलू नगंस. भांग वाकडा हुईल." सौम्याचा अंबाडा सुटला आणि कुणीतरी हलक्या हातानं पेड घालू लागलं.