नमुन्याची बाज

अमोलने मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं आणि म्हणाला, "आबा, थांबू नका. मी इथे नाहीच असं समजा."

भगवंतला ते जड नव्हतं. गेली सहा वर्षं एका घरात राहून मुलाने त्याला याचीच सवय लावली होती.

सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तो बाजेशी उकिडवा बसला होता. तीन दोऱ्या वर, तीन खाली, मग बोटांनी ओढून बसवायचं. मधोमध चार पाकळ्यांचा चौफुला उमटला होता. पायथ्याच्या फक्त चार ओळी राहिल्या होत्या आणि त्या तो आठ दिवस पुरवून विणत होता, ताटातला शेवटचा लाडू पुरवावा तशा.

"का थांबलात?"

"बघून राहिलो."

"काय?"

"बाज."

अमोलने लिहून घेतलं. तो मसाटच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता, आणि जे लिहिलं नाही ते घडलंच नाही यावर त्याची श्रद्धा होती. "अकरा मिनिटांत तुम्ही चार वेळा नुसतं बघितलंत. बारा बाजा असं बघत बसलात तर दिवाळी उजाडेल."

"बारा कोणाच्या?"

तेव्हा कुठे उलगडलं. दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी ललितशेठ नावाचा एक गुजराती व्यापारी पर्यटकांसाठी बारा झोपड्या बांधत होता. झोपड्यांमध्ये एसी होता, म्हणून अंगणात बाज हवी होती. अमोलने त्याला शब्द दिला होता. शेठ नमुना बघायला येणार होता. आजच, अकरा वाजता.

"मला इचारलं?"

"सरप्राइज होतं, आबा. आणि तुम्हाला काही कष्टच नाहीत. चौकटी सुतार करेल. कडा विणायला सुरंगीहून दोन माणसं येतील. तुम्ही फक्त मधलं फूल टाकायचं. बारा वेळा."

भगवंतने एकतीस वर्षं मसाटच्याच एका सूतगिरणीत काढली होती. मशीनवरची भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची. त्या धाग्याचं पुढे कापड होतं, असं त्याच्या ऐकण्यात होतं.

"नको," तो म्हणाला.

"रोज तर करता!"

"रोज करतो."

"मग?"

या 'मग'चं उत्तर भगवंतच्या बोटांत होतं, आणि बोटं दोरीत गुंतली होती.

"त्यांना काय इचारतो?" पलीकडे कठड्यावर गोधड्यांना ऊन दाखवणारी त्याची बायको आक्काबाई म्हणाली. "चाळीस वर्षांत मी एकदा दळणाचा डबा दुरुस्त करायला सांगितला, तर म्हने आज मन नाही. यांचं मन कुठल्या पाळीला येतं, तेच मला आजवर कळलं नाही."

"आई, तू थांब. आबा, एखाद्या गोष्टीत मन रमतं ना, तर त्यातून काहीतरी निघायला पाहिजे."

"तू लहानपणी पतंग उडवायचा. त्यातून काय निघालं?"

"काही नाही. म्हणून तर सोडलं."

हे तो इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला, की भगवंतला क्षणभर त्याची दयाच आली. ती फार टिकली नाही, कारण अमोल पुढे बोलत होता.

"बिल्डिंगमध्ये लोक काय म्हणतात ठाऊक आहे? मॅनेजरचा बाप गच्चीवर खाट विणत बसतो. उद्या ऑर्डर असली तर मला सांगता तरी येईल, धंदा आहे म्हणून. धंद्याला कोणी हसत नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. अमोलने शर्ट खोचला. "मी त्यांना चहा देऊन वर आणतो. तोवर त्या चार ओळी उरका. आणि शेठसमोर तुम्ही काही बोलू नका, मी बोलेन."

तो जिना उतरून गेला. भगवंतने बाज बघितली. आता कोणी मोजत नव्हतं, म्हणून चांगली पोटभर बघितली. मग पुढे सरकून त्याने पायथ्याची गाठ सोडली.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" आक्काबाई गोधडी टाकून आली. "पोरानं शब्द दिलाय!"

"शब्द त्यानं दिलाय. बाज माझी हाये."

"म्हातारपणी पोराचं नाक कापायला निघालात."

"तू गोधड्या बघ."

चहाबरोबर बहुतेक खारीही असावी, कारण वर यायला त्यांना तासभर लागला. तोवर चौफुल्याची एक पाकळी तेवढी उरली होती. बाकीची दोरी चौकटीतून सैल लोंबत होती आणि भगवंत ती एकेक पेड खालून वर, वरून खाली काढत होता. विणताना जेवढ्या निगुतीने विणली होती, तेवढ्याच निगुतीने.

ललितशेठने गॉगल कपाळावर सरकवला. "अरे काका, आ शूं? तैयार माल दाखवणार होते ना?"

अमोलचा आवाज चार मजले खाली गेला. "आबा! अडीच महिन्यांचं काम गेलं!"

"गेलं कुठं?" भगवंतने सुटलेली दोरी अंगठ्यापासून कोपरापर्यंत गुंडाळून घेतली. "आता तर सगळंच करायचं राहिलंय."