ढिली दोरी

कुत्रा गोठ्याच्या दारापर्यंत शहाण्यासारखा गेला, मग एकदम भुंकत उसळला आणि दोरी धरलेल्या जावयाला घेऊन थेट शेणाच्या ढिगात शिरला.

"पुन्हा," कुत्रेवाला म्हणाला.

कुत्रेवाला आठवड्यातून एकदा आपली गाडी घेऊन शिकवायला यायचा. तोंडात कायम गवताची काडी आणि चेहऱ्यावर काहीच नाही. हा लहानखुरा, तपकिरी कुत्राही त्यानेच आणून दिला होता. सासऱ्यांना गाईंच्या राखणीला कुत्रा हवा होता, पण त्यांची अट होती. "गुरांत गप राहिला तर ठेवू, नाहीतर आला तसा परत. माझ्या गाई बिथरल्या की पान्हा चोरतात."

कुत्र्याला वळण लावायचं काम जावयाकडे आलं. आपल्याकडेच का, हे त्याने विचारलं नाही. घरजावयाने फार विचारू नये, एवढं त्याला कळत होतं. लग्नाआधी तो घड्याळं दुरुस्त करायचा. आता दुधाची गाडी चालवायचा, कॅन घासायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. फक्त गोठ्यात पाऊल टाकायचा नाही. "वासाने शिंका येतात," असं त्याने आल्या आल्याच जाहीर केलं होतं. खरी गोष्ट अशी, की गाय एवढी मोठी असते हे जवळून बघेपर्यंत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ही भीती त्याने बायकोपासूनसुद्धा लपवली होती.

कुत्र्याचं नाव त्याने बटण ठेवलं. या घरात आपल्यानंतर आलेलं, आपल्याहून खालच्या पायरीवरचं कुणीतरी आहे, याचं त्याला फार सुख होतं. सासूबाई दोघांवर एकाच सुरात ओरडायच्या, "पाय पुसून आत!" मग दोघंही पाय पुसायचे. संध्याकाळी बटण त्याच्या मांडीवर डोकं टेकायचा. जावयाचा त्याच्यावर जीव जडला होता. बटण गेला तर या घरात आपलं असं कोण उरणार?

"दोरी ढिली सोडा," कुत्रेवाला सांगायचा. "हात थरथरला की त्याला दोरीतून कळतं. भुंकला की मागे या. गप बसला की एक पाऊल पुढे, आणि तोंडात बिस्किटाचा तुकडा."

"हात माझा थरथरत नाही. तोच ओढतो."

"बरं. तोच ओढतो."

दुरून डोंगर साजरे, तशा दुरून गाई. कुंपणापाशी पोचेपर्यंत सगळं छान चालायचं. मग एखादी गाय मान वळवायची, जावई दोरी गच्च आवळायचा आणि बटण गोठा डोक्यावर घ्यायचा. बिस्किटांचे पुडेच्या पुडे संपले, जावयाच्या नाकी नऊ आले. एकदा बायकोने कंटाळून दोरी आपल्या हातात घेतली, तर बटणने गाईच्या तोंडासमोर बसून जांभई दिली.

"दमलाय तो," ती घाईघाईने म्हणाली आणि दोरी परत देऊन टाकली.

सासऱ्यांचा धीर सुटत चालला. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," ते जेवताना म्हणाले. "महिनाअखेरीस बघू. नाही जमलं तर गाडीत घालू."

जावयाने ताटातली अर्धी भाकरी बटणपुढे सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून तो कुणी नसताना बटणला घेऊन गोठ्याकडे जाऊ लागला. "हे माझ्यासाठी नाही हं," तो बटणच्या कानात पुटपुटायचा, "तुझ्यासाठी करतोय." डोळे मिटून त्याने सगळ्यात म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवला. गाईने त्याची बाही चाटली. तो ओरडला नाही, आणि बटणही भुंकला नाही.

गाय शांत तर कुत्रा शांत, असा त्याने हिशोब मांडला आणि तो गाईंच्या मागे लागला. कुणाला गळ्याखाली खाजवलेलं आवडतं, कोण लाथ मारते, कोण नुसतीच शिंगं दाखवते, हे त्याला पाठ झालं. आचळांना हात लावला की गाय कुत्र्याकडे बघत नाही असं दिसलं, तेव्हा तो धार काढायलाही शिकला. पहिल्या दिवशी दूध बादलीत कमी आणि त्याच्या चपलेत जास्त गेलं. तरी शिंका एकदाही आल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी सगळं घर गोठ्याच्या दारात जमलं. सासरे कॅन पालथा घालून त्यावर बसले. कुत्रेवाला गाडीला टेकून उभा राहिला.

जावई आत शिरला. दोरी त्याने नुसती करंगळीत अडकवली होती. दोन ओळींमधून तो पार टोकापर्यंत गेला. वाटेत एक गाय आडवी उभी होती. तिच्या ढुंगणावर थाप मारून तो म्हणाला, "सरक गं बाई, जाऊ दे." ती सरकली. मग तो एका गाईखाली बसला आणि बादलीत सरसर धार वाजू लागली. बटण शेजारीच पाय ताणून झोपला होता.

सासूबाईंनी डोळे टिपले. सासरे कण्हत उठले आणि त्यांनी पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिंकलंत, जावईबापू. उद्यापासून सकाळच्या धारा तुमच्याकडे. माझे गुडघे गेले आता."

"काढतो की!" जावई म्हणाला. त्या आनंदात त्याने हत्तिणीचीही धार काढली असती. त्याला एवढंच दिसत होतं, की बटण राहिला.

तेवढ्यात बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बटण उठला, अंग झाडून शांतपणे चालत गेला आणि गाडीत उडी मारून आपल्या जागेवर बसला.

"अहो, कुठे नेताय त्याला?" जावई हातातली बादली टाकून धावला. "पास झाला ना तो! बाबा, तुम्ही शब्द दिला होता!"

सासऱ्यांना एकाएकी कॅनच्या झाकणात फार रस वाटू लागला. बायको पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

कुत्रेवाल्याने तोंडातली काडी काढून टाकली, गाडीचं दार लावलं आणि खिडकीतून कुत्र्याला म्हणाला, "चला, मास्तर. पुढच्या घरच्या सूनबाई म्हशींना घाबरतात."