लावलेली केबल

तिने केबल काढायला हात घातला आणि काकूंनी तिचं मनगट धरलं.

“ती काढू नका.”

टेबलावर चादरीत गुंडाळून आणलेली बेस गिटार होती. केबलचं एक टोक गिटारच्या कडेला खोचलेलं, ते हलू नये म्हणून वरून चिकटपट्टी, आणि उरलेल्या केबलचं वेटोळं नाडीने नीट बांधलेलं. तिच्या दुकानात लोक मोडक्या, भिजलेल्या, मुलांनी आपटलेल्या गिटारी आणत. केबल लावलेली गिटार आजवर कोणी आणली नव्हती.

“डॉक्टरीणबाई, पेशंट सलाईनसकट आणलाय,” काका म्हणाले. “ही तर स्पीकरसकट आणणार होती. मी म्हटलं, अगं, मग टॅक्सीत आपण कुठे बसायचं?”

काकू हसल्या नाहीत. काकांनी वाटही पाहिली नाही.

“वाजत नाही म्हणजे नेमकं काय होतं?” तिने विचारलं.

“काहीच होत नाही. मुलगा वाजवायचा तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. परवा मी स्पीकर चालू करून तार ओढून पाहिली, तर नुसती तार.” काकूंनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. “ही केबल त्याने लावलेली आहे. हॉस्पिटलात निघताना म्हणाला, असू दे तशीच, आल्यावर वाजवायचीच आहे.”

काका भिंतीवर टांगलेल्या व्हायोलिनकडे पाहू लागले.

ती पुढे काही विचारायच्या भानगडीत पडली नाही. तपासताना नॉब फिरवावे लागणार होते, म्हणून तिने प्रत्येकाशेजारी कागदी पट्टी चिकटवली आणि तो कुठे होता ते पेन्सिलीने आखून ठेवलं. काकू वाकून पाहत होत्या.

“मधला थोडा डावीकडे आहे.”

“तिथेच खूण केलीय, काकू.”

“हां. मी पुसतानासुद्धा त्याला धक्का लागू देत नाही.”

तिने गिटार अलगद पालथी केली आणि मागचं झाकण उघडलं. फार शोधावं लागलंच नाही. आतली चौकोनी बॅटरी पार संपून पाझरली होती आणि तिच्या क्लिपवर पांढरट हिरवा थर चढला होता. तिने मीटर लावून खात्री केली. मग क्लिप कापली, तारांची टोकं चकचकीत होईपर्यंत खरवडली आणि नवी क्लिप सोल्डर केली: लाल तार लालला, काळी काळीला. केबल न काढता हे सगळं करणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरच त्याचा शर्ट शिवण्यासारखं होतं. तिने ते तसंच केलं.

नवी बॅटरी बसवून तिने केबलचं मोकळं टोक दुकानातल्या स्पीकरला जोडलं. “ओढा तार, काकू. सगळ्यात जाड.”

आवाज आला तसे डबीतले स्क्रू खुळखुळले. काकूंनी तळहात गिटारच्या लाकडावर टेकवला आणि आवाज पुरता विरेपर्यंत उचलला नाही.

काका दाराकडे गेले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

“काकू, एक सांगते,” ती म्हणाली. “याला चालू-बंद करायचं वेगळं बटण नसतं. केबल आत गेली की सर्किट चालू. ती लावलेलीच राहिली, म्हणून बॅटरी संपली.”

“म्हणजे ती बंद नव्हती?”

“नव्हती.”

“मला वाटलं नुसती पडून आहे.” काकूंनी गिटारकडे पाहिलं. “किती दिवस चालू राहिली असेल?”

“बॅटरी नवी असेल, तर तीन आठवडे. चारही.”

काकूंनी मनात काहीतरी मोजलं. “अहो,” त्या दाराकडे पाहून म्हणाल्या, “तो गेल्यावरही चालू होती ही.”

काका वळले नाहीत. “ऐकलं मी,” म्हणाले.

तिला काहीतरी करायला हवं होतं. तिने डब्यातून एक स्विच उचलला. “आत एक छोटा स्विच बसवून देते,” ती भराभरा बोलली. “केबल आहे तशीच राहील, बॅटरीही जाणार नाही. बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“मग ती बंद असेल ना?”

“हो, पण दिसायला...”

“मला कळेल ना, बाळा.”

तिने हातातला स्विच पुन्हा डब्यात टाकला. “मग दर तीन आठवड्यांनी बॅटरी बदलावी लागेल.”

“बदलू.”

“मी दाखवते कशी...”

“नको, आम्ही इथेच येऊ,” काका दारातूनच म्हणाले. “तेवढंच हिचं घराबाहेर पडणं होईल.”

तिने खुणा पाहून तिन्ही नॉब जागच्या जागी आणले, पट्ट्या सोलून काढल्या, मागचं झाकण लावलं, चिकटपट्टी नवी लावली. स्पीकरकडचं टोक काढून केबलचं वेटोळं केलं. गिटार पुन्हा चादरीत बांधायला काकू तयार होईनात. त्यांनी ती तशीच उघडी, दोन्ही हातांवर आडवी घेतली. काका वेटोळं घेऊन मागे निघाले. केबल ताणली जाऊ नये म्हणून ते काकूंच्या चालीनेच चालत होते, एक एक पाऊल, आणि वेटोळं त्यांनी खांद्याच्या वर उचलून धरलं होतं.

“काका, हात खाली घेतला तरी चालेल,” दार धरून ती म्हणाली.

“हो की,” काका म्हणाले.

ते रस्त्यावर उतरले, टॅक्सीपर्यंत गेले. हात वरच होता.